वेगळं ताट नको, दस्तरखान बदलू या

रमजानचा चाँद दिसला की एका रात्रीत घरं बदलतात. एरवी सकाळी सात वाजता हाका मारमारूनही न उठणारी मुलं पहाटे साडेचारला डोळे चोळत सहरीला बसतात. दिवसाला आठ कप चहा लागणारे माझ्या कॉलेजातले सहकारी तेरा तास पाण्याला शिवत नाहीत. स्वयंपाकाची वेळ बदलते, झोपेची बदलते, दुकानाचं कुलूप उघडायची बदलते. हे कुणी भिंतीवर डाएटचा तक्ता लावला म्हणून होत नाही. घरातले सगळे मिळून बदलतात म्हणून होतं. कुणा एकाला कोपऱ्यात बसवून ‘तू एकटा बदल’ असं या महिन्यात कुणी म्हणत नाही.

हे आज सांगायचं कारण वेगळं आहे. घरात एखादं मूल वजनानं जास्त असतं, त्यात त्याला काही आजार निघतो, डॉक्टर खाण्यात बदल सांगतात, आणि घरी आल्यावर मोठी माणसं पहिलं वाक्य म्हणतात : ‘आमच्या घरात ते जमणार नाही.’ मला हे वाक्य पटत नाही. ज्या घरात रमजान जमतो, त्या घरात हेही जमतं. आणि ज्या घरात चातुर्मास पाळतात, नवरात्राचे नऊ दिवस उपास धरतात, श्रावणात मटणाचं भांडं माळ्यावर ठेवतात, त्या घरातही जमतं. प्रश्न ताकदीचा नाही, आपण हा बदल कुणाच्या डोक्यावर ठेवतो याचा आहे.

आपल्याकडे लठ्ठ मुलाला लठ्ठ म्हणत नाहीत, गुटगुटीत म्हणतात. ‘खात्यापित्या घरचं’ म्हणतात. ज्या पिढीनं सोलापुरात गिरणीची पाळी आणि रेशनची रांग पाहिली, तिला नातवाचे भरलेले गाल पाहून समाधान वाटावं, यात नवल नाही. बहात्तरचा दुष्काळ आठवणाऱ्या आजीला ‘कमी वाढा’ म्हणणं सोपं नसतं. पण दिवस बदलले आहेत. केंद्र सरकारनं २०१६ ते २०१८ या काळात मुलांच्या पोषणाची देशभर पाहणी केली. तिच्यात ५ ते १९ वर्षांच्या मुलांपैकी सुमारे दहा टक्के मुलांच्या रक्तातली साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळली. दहातलं एक मूल. वर्गात साठ मुलं असतील तर सहा. कुपोषण संपलेलं नाही आणि त्याच गल्लीत हेही आलं आहे.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी बारा वर्षांची आहे. गेल्या वर्षी ईद झाल्यावर बहिणीच्या लक्षात आलं की मुलीच्या मानेच्या मागच्या बाजूला काळपट पट्टा आला आहे. तिला वाटलं, मळ आहे. बेसन-लिंबू लावून घासलं, उटणं लावलं, मेडिकलमधून गोरेपणाची क्रीम आणली. दादी म्हणाली, नीट आंघोळ करत नाही. शाळेत मैत्रिणी म्हणाल्या, मान धू. मुलगी ओढणी गळ्याभोवती गुंडाळून बसू लागली. शेवटी बालरोगतज्ज्ञांकडे नेलं तेव्हा त्यांनी मान पाहिली, वजन-उंची घेतली आणि रक्त तपासायला सांगितलं. वजन ५८ किलो, उंची १४२ सेंटीमीटर. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी ६.१. ती ५.७ च्या खाली असावी लागते आणि ६.५ पासून मधुमेह धरतात. सोनोग्राफीत यकृतावर चरबी. वय तेव्हा अकरा.

मानेवरचा तो काळेपणा मळ नव्हता. शरीरात इन्शुलिन तयार होत असतं, पण पेशी त्याला दाद देत नाहीत. मग स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडतं, आणि रक्तातल्या त्या वाढलेल्या इन्शुलिनमुळे मान, काख, कोपर इथली त्वचा जाड आणि काळी होते. ती घासून जात नाही. आतला बिघाड सुधारला की हळूहळू उजळते. वाचकांपैकी कुणाच्या घरात वजनदार मुलाची मान अशी काळी पडली असेल, तर साबण बदलू नका, डॉक्टरांकडे जा. या लेखातलं एवढं एकच वाक्य लक्षात राहिलं तरी पुष्कळ झालं.

हे आपल्याच मुलांत का जास्त दिसतं, यालाही उत्तर आहे आणि ते पुण्यातून आलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. ही बाळं जन्मतः सरासरी पावणेतीन किलोच्या आसपास, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी. पण त्यांच्यात स्नायू कमी आणि चरबी मात्र त्या मानानं टिकून असलेली आढळली. दिसायला बारीक, आतून चरबीदार. अशी शरीरं घेऊन आपली मुलं जन्माला येतात आणि पुढे त्यांना बिस्किटाचा पुडा, थंड पेयाची बाटली आणि मोबाइल मिळतो. म्हणून आपल्याकडे थोडं वजन वाढलं तरी साखर लवकर डोकं वर काढते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ मध्ये आपल्या मुलांसाठी वेगळे वाढीचे तक्ते काढले, त्यांत वजन जास्त ठरण्याची रेषा परदेशी तक्त्यांपेक्षा खाली ठेवली, ती याचसाठी.

‘थायरॉइड असेल’ हे दुसरं नेहमीचं वाक्य. तपासणी जरूर करावी. पण डॉक्टर एक साधी खूण सांगतात. थायरॉइड कमी काम करत असेल तर मुलाची उंची खुंटते. खाण्यामुळे वजन वाढलेली मुलं बहुधा वर्गातल्या इतरांएवढी किंवा थोडी उंचच असतात. मूल उंचीनं नीट वाढत असेल आणि वजन त्याहून वेगानं वाढत असेल, तर दोष गळ्यातल्या ग्रंथीत शोधण्याआधी फडताळातल्या डब्यात शोधावा.

निदान झालं की घरात दोन पक्ष पडतात. एक लाडाचा. ‘पोर आहे, खाऊ दे, वयात आली की उतरेल.’ दुसरा टोमण्यांचा. ‘अजून एक? तुला डॉक्टरनं काय सांगितलंय?’ मुलगी असेल तर लगेच लग्नाचा विषय निघतो. अकरा वर्षांच्या मुलीसमोर. हे दोन पक्ष एकमेकांचे विरोधक वाटतात, पण खरं तर एकाच घरात, कधी एकाच माणसात नांदतात. दुपारी टोमणा मारणारी काकूच संध्याकाळी हातात गुलाबजाम ठेवते. मूल गोंधळतं. मग ते एक गोष्ट शिकतं : लपून खायला. शाळेच्या दप्तरात वेफर्सचं रिकामं पाकीट सापडलं की आपण म्हणतो, पोरगी खोटं बोलायला लागली. ती खोटं बोलायला लागली नाही. आपण तिच्या खाण्याला गुन्हा ठरवलं आणि ती गुन्हेगारासारखी वागायला लागली.

यावर घरानं काढलेला तोडगा म्हणजे वेगळं ताट. सगळ्यांना बिर्याणी, तिला उकडलेली भाजी. सगळ्यांना सरबत, तिला पाणी. भावंडं समोसे खाताहेत आणि ती काकडी चघळते आहे. औषध म्हणून हे कागदावर बरोबर दिसेल, पण मुलाला यातून एकच अर्थ कळतो : चांगलं अन्न हे शिक्षेचं अन्न. शिक्षा कुणी आवडीनं भोगत नाही. संपायची वाट पाहतं. आठ दिवस, पंधरा दिवस, मग एखादं लग्न येतं आणि सगळं मोडतं.

आणि गंमत अशी की वेगळं ताट वाढणाऱ्या त्याच घरात वडिलांना रक्तदाबाची गोळी असते, आजीला साखर असते, काकाची नुकतीच अँजिओप्लास्टी झालेली असते. मुलीला जे अन्न हवं, तेच या सगळ्यांना हवं असतं. ती फक्त सर्वांत लहान, म्हणून नियम तिच्या वाट्याला येतात.

अमेरिकेतल्या एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या जेवणाबद्दल एक वाटणी सुचवली आहे. ती मला फार शहाणपणाची वाटते. काय शिजवायचं, कधी जेवायचं आणि कुठे बसून जेवायचं, हे मोठ्यांनी ठरवायचं. समोर आलेल्यातून किती खायचं, हे मुलानं ठरवायचं. आपण नेमकं उलटं करतो. काय खायचं ते मुलावर सोडतो, नाक्यावर दहा-वीस रुपये देऊन. आणि किती खायचं ते मात्र आपण ठरवतो, आधी ‘अजून एक घास’ म्हणून आणि मग ‘पुरे आता’ म्हणून. घरात काय येतं ही मोठ्यांची जबाबदारी आहे. जे घरात आलंच नाही, त्याच्यावरून मुलाशी भांडावं लागत नाही.

आता रमजानकडे येते, कारण या महिन्यात या सगळ्याची परीक्षा होते. असरनंतर विजापूर वेशीच्या मीना बाजारात चक्कर मारा. कढया चढलेल्या असतात. समोसे, मिरचीभजी, कबाब, जिलेबी, मालपुवे. त्या वासानं रोजा नसलेल्या माणसालाही भूक लागते. मी ही रौनक कमी व्हावी असं म्हणणार नाही. वर्षभर या महिन्याची वाट पाहणारे हातगाडीवाले आहेत, त्यांचं घर यावर चालतं. आणि माझे कितीतरी हिंदू विद्यार्थी याच गल्लीत रमजान ओळखायला शिकले. पण मजा म्हणून आठवड्यातून एकदा खाणं वेगळं आणि तीस दिवस रोज दस्तरखानावर तळणाचं ताट असणं वेगळं.

थोडा हिशेब करू. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की वरून घातलेल्या साखरेतून दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांपेक्षा कमी उष्मांक यावेत, आणि पाच टक्क्यांच्या आत आले तर आणखी चांगलं. शाळकरी मुलाच्या बाबतीत पाच टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, चहाचे पाच-सहा चमचे. इफ्तारचं लाल सरबत मोठ्या ग्लासात, वरून घरची साखर घालून केलं, की एकाच ग्लासात हा वाटा संपतो. दुसरा ग्लास तर लागतोच. एक ग्रॅम साखरेत चार उष्मांक आणि एक ग्रॅम तेलात नऊ. त्यामुळे तेल प्यायलेली चार भजी पोटात कमी जागा घेतात आणि हिशेबात जास्त. खजूर सुन्नत आहे, बरकतीचा आहे, आणि त्यात तंतू व खनिजं आहेत; पण मोठ्या जातीच्या एका खजुरात पंधरा ग्रॅमच्या आसपास साखर असते. साखरेचा त्रास असलेल्या मुलाला एक खजूर पुरे. एका खजुरानंही रोजा तितकाच सुटतो.

आणि हे सगळं खाताना आपण विसरतो की ज्या दीनसाठी आपण दिवसभर उपाशी राहिलो, त्याच दीनमध्ये खाण्यापिण्यातल्या अतिरेकाला मनाई आहे. हदीसमध्ये पोटाचे तीन वाटे सांगितले आहेत, अन्नाचा, पाण्याचा आणि श्वासाचा. आपण इफ्तारला श्वासाचा वाटाही भज्यांना देऊन टाकतो आणि मग तरावीहमध्ये धापा टाकतो.

दुसरी बाजूही बोलायला हवी. ‘रोजे ठेवू दे, आपोआप बारीक होईल,’ असं आमच्याकडे सर्रास म्हटलं जातं. उपासाच्या घरांतही हेच ऐकू येतं, एकादशी कर म्हणजे वजन उतरेल. रोजा ही इबादत आहे, वजन उतरवायची युक्ती नाही. तेरा तास उपाशी ठेवून संध्याकाळी साबुदाणा किंवा समोसा पुढे आला, तर वजन उतरत नाही, उलट चढतं. शिवाय या महिन्यात मुलं रात्री बारा-एकपर्यंत जागतात, पहाटे उठतात आणि शाळेत पेंगतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ तास तरी झोप लागते. झोप अपुरी राहिली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, आणि ती भूक गोडाकडेच धावते.

इस्लाममध्ये वयात येईपर्यंत रोजा फर्ज नाही. आजाऱ्याला आणि प्रवाशाला सवलत खुद्द कुराणात, सूरह अल-बकरामध्ये दिलेली आहे. मुलाला मधुमेह असेल, इन्शुलिन किंवा साखर झपाट्यानं उतरवणारी गोळी चालू असेल, तर रोजा ठेवायचा की नाही हे आजी, मामा किंवा शेजारीण ठरवू शकत नाही. ते डॉक्टरांनीच ठरवायचं, आणि तेही रमजानच्या आधी, पहिल्या सहरीला फोन करून नव्हे. रोज्यात बोटातून थेंबभर रक्त काढून साखर तपासली तर रोजा तुटत नाही, हे बहुतेक उलेमांनी मान्य केलेलं आहे. साखर ७० च्या खाली गेली किंवा ३०० च्या वर गेली, तर रोजा तिथेच सोडायचा, असं मधुमेह आणि रमजान यांवर काम करणारे तज्ज्ञ सांगतात. मगरीबला दहा मिनिटं उरली असली तरी सोडायचा. अल्लाहनं दिलेली सवलत नाकारणं म्हणजे जास्त धार्मिक होणं नव्हे.

माझ्या भाचीनं या रमजानला रोजा ठेवायचा हट्ट धरला. घरात वाद झाला. दादी खूश, कारण नात बारीक होईल. आई घाबरलेली. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, तुला का ठेवायचाय? मला वाटलं होतं, मैत्रिणी ठेवताहेत म्हणून, किंवा रोजा-कुशाईच्या नव्या कपड्यांसाठी. ती म्हणाली, ‘खाला, रोजा असला की दिवसभर माझ्या ताटाकडे कुणी बघत नाही.’

बारा वर्षांची मुलगी उपास मागत होती, कारण उपास हाच तिला घरातला एकमेव शांत दिवस वाटत होता. यावर मी वेगळं भाष्य करणार नाही. ज्यांच्या घरात असं मूल आहे, त्यांना ते कळेल.

तिला रात्री एक मेटफॉर्मिनची गोळी आहे. या गोळीनं एकट्यानं साखर एकदम कोसळण्याची भीती फार कमी असते. डॉक्टरांनी तपासून रविवारचे रोजे ठेवायला हरकत नाही म्हटलं. सहरी चुकवायची नाही, इफ्तार ते सहरी भरपूर पाणी प्यायचं, चक्कर आली तर तिथेच सोडायचा. त्याच दिवशी बहिणीनं घरात सर्वांना एक गोष्ट बजावली. मुलीच्या ताटाबद्दल, वजनाबद्दल, मानेबद्दल कुणी एक शब्द बोलायचा नाही. चांगला नाही, वाईटही नाही. दादीनंही नाही.

त्या घरात ताट बदललं नाही, दस्तरखान बदललं. तेही एका दिवसात नव्हे, गेल्या नऊ महिन्यांत. थंड पेय आणि बिस्किटाचे पुडे घरात येणं बंद झालं, सगळ्यांसाठी. चहात साखर निम्मी झाली, सगळ्यांसाठी. मैद्याच्या पावाऐवजी ज्वारीची भाकरी परत आली. आपल्या सोलापुरात हे काही नवीन नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे आणि दालच्याबरोबर भाकरी आमच्या आजीच्या घरात रोजची होती. आता इफ्तारला एक खजूर, पाणी, मग कलिंगड-पेरू-काकडीची चाट, वरून चाट मसाला, साखर नाही. वाटीभर उकडलेले हरभरे कांदा-लिंबू घालून. तळण फक्त जुम्म्याला, आणि त्या दिवशी मुलीलाही. सरबत जाऊन सब्जा घातलेलं लिंबूपाणी किंवा ताक आलं. नमाजनंतर जेवण, दुधी घातलेला दालचा किंवा मेथी-खिमा, भाकरी, वाटीभर भात, कोशिंबीर. सहरीला अंडं, दही, भाकरी. तरावीहला जाता-येता वडील तिला चालत नेतात. गाडी घरीच राहते. मुलांना दिवसाला तासभर अंगमेहनतीचा खेळ किंवा हालचाल हवी, असं आरोग्य संघटना सांगते. रमजानमध्ये तास होत नाही, पण अर्धा तास होतो.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये काढलेल्या आहाराच्या मार्गदर्शनात रोजच्या ताटाचा जवळजवळ अर्धा भाग भाज्या आणि फळांचा दाखवला आहे. आमच्याकडे अर्धा अजून झालेला नाही. पण पूर्वी भाजी लोणच्याएवढी होती, आता ती भाजीएवढी झाली आहे.

वजन किती उतरलं, असं लोक विचारतात. ५७ आहे. एक किलो, बस्स? पण उंची पाच सेंटीमीटर वाढली आहे. वाढत्या वयाच्या कितीतरी मुलांच्या बाबतीत वजन उतरवायचं नसतं, ते थोपवून धरायचं असतं. उंची वाढली की हिशेब आपोआप सुधारतो. एचबीएवनसी ५.८ आहे. काठावरच आहे, पण उतरती आहे. मान थोडी उजळली आहे. म्हणून आठवड्याला काटा दाखवून मुलाला रडवू नये. वजन डॉक्टरांकडे, तीन महिन्यांतून एकदा.

‘हे सगळं पैसेवाल्यांचं’ असं कुणी म्हणेल, तर तो आक्षेप मी झटकून टाकणार नाही. विडी वळणारी बाई किंवा पॉवरलूमवर बारा तास उभा राहणारा बाप रोज सफरचंद आणू शकत नाही. पण या यादीत सफरचंद नाहीच. पेरू, काकडी, हरभरा, ताक, भाकरी, अंडं. रोजचं तेल, बेसन, सरबताची बाटली आणि मैदा यांचा खर्च लिहून काढा आणि त्याशेजारी हे लिहा. महिन्याच्या शेवटी फारसा फरक पडत नाही, कित्येकदा पैसे उरतात. अडचण पैशाइतकीच वेळेची आहे. हरभरे रात्री भिजत घालावे लागतात, भाकरी थापावी लागते, आणि हे सगळं घरातल्या बाईच्याच हातून व्हायचं असतं. पुरुषांनी इफ्तारच्या आधी अर्धा तास मशिदीच्या कट्ट्याऐवजी स्वयंपाकघरात घालवला, फळं कापली, तर त्यांच्या सवाबात घट होणार नाही.

हा प्रश्न एका घराचाही नाही. शेजारच्या कुलकर्णी काकूंकडून आमच्याकडे होळीची पुरणपोळी येते, त्यांच्याकडे आमचा शीरखुर्मा जातो. ही देवाणघेवाण आपल्या गावाची कमाई आहे, ती थांबू नये. पण प्रेम दाखवायला साखरच लागते, हे कुणी ठरवलं? वाढदिवसाला वर्गात चॉकलेट, बक्षीस म्हणून चॉकलेट, मदरशात पारा पूर्ण झाला की लाडू, आरतीनंतर पेढा, पाहुण्यांच्या हातात मिठाईचा डबा. मूल दिवसभरात ज्या ज्या चांगल्या माणसाला भेटतं, तो त्याच्या हातावर गोड ठेवतो. घरानं कितीही ठरवलं तरी गल्ली हरवते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमानुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ विकता येत नाहीत. आपल्या शाळांसमोर उभं राहून हे ५० मीटर कुणीतरी एकदा मोजावेत. सीबीएसईनं २०२५ मध्ये आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’ लावायला सांगितले, कोणत्या पेयात किती साखर ते मुलांना दिसावं म्हणून. मराठी आणि उर्दू माध्यमाच्या शाळांनी सूचनेची वाट न पाहता असा एक फळा लावावा. खडू आणि फळा आपल्याकडे आहेच.

इफ्तारच्या दावती देणाऱ्यांनाही विनंती आहे. राजकीय पक्ष, सामाजिक संस्था, मोहल्ला कमिट्या सगळ्यांच्या इफ्तारात तेच समोसे, तेच लाल सरबत. एका टोकाला फळांची मोठी परात आणि साध्या पाण्याचे घडे ठेवा. ‘पथ्याचं’ अशी पाटी त्यावर लावू नका. पाटी लावली की मूल तिकडे जात नाही. परात सर्वांत आधी ठेवा, हात आपोआप जातो.

यंदा पाडवा आणि ईद एकाच आठवड्यात येताहेत. एका घरात श्रीखंड, शेजारच्या घरात शीरखुर्मा, आणि मुलं दोन्ही घरांत. त्या दिवशी मुलाला गोड नाकारू नका. सण त्याचाही आहे. फक्त शीरखुर्म्याला साखर कमी घाला, खजूर आणि सुका मेवा गोडी देतोच. वाटी लहान ठेवा, सगळ्यांचीच. एक वाटी झाली की मुलांना मैदानात पिटाळा. आणि घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आधीच सांगून ठेवा की या घरात मुलांच्या अंगावर, वजनावर, रंगावर बोलायचं नाही. ईदी द्या, गळाभेट घ्या, अभ्यास विचारा. तिच्या ताटाकडे बघू नका.